‘तिथला क्राउड कसा आहे?’ – अमेरिकेतल्या मिक्स पब्लिक स्कूलचं कोडं, सोप्या भाषेत

दरवर्षी मार्च-एप्रिल आला की आमच्या न्यू जर्सीतल्या मराठी व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. कुणाची तरी लीज संपत आलेली असते, मूल सप्टेंबरमध्ये किंडरगार्टनला जाणार असतं, आणि विचारतात, "अमुक टाउनमध्ये घर बघतोय, बजेटमध्ये बसतंय, पण शाळेचं रेटिंग १० पैकी ५ दाखवतंय. कुणाची मुलं जातात का तिथे? क्राउड कसा आहे?"

क्राउड. या एका शब्दात आपण किती काय काय भरतो ते मला माहितीये, कारण सहा वर्षांपूर्वी हाच मेसेज मी टाकला होता. काळी मुलं किती, स्पॅनिश बोलणारी किती, भाड्याच्या बिल्डिंगमधली किती, हे थेट विचारायची लाज वाटते म्हणून क्राउड म्हणायचं. उत्तरं पण तशीच येतात, "ठीक आहे गं, पण मिडल स्कूलच्या आधी मूव्ह हो" वगैरे.

आम्ही शेवटी त्या ५ रेटिंगवाल्या टाउनमध्येच घर घेतलं. मुलगी आता पाचवीत आहे. तिच्या शाळेत काळी, गोरी, लॅटिनो, आपली देशी, हैतीहून आलेली अशी सगळी मुलं आहेत, आणि निम्म्याच्या आसपास मुलांना सरकारी फ्री लंच मिळतं. या सहा वर्षांत मी बरंच वाचलं, बरंच चुकले, आणि आता ग्रुपवर तोच प्रश्न आला की दोन ओळींत उत्तर देता येत नाही, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून काढतेय.

आधी पब्लिक स्कूल म्हणजे काय ते बघू

भारतात ‘पब्लिक स्कूल’ नाव असलेली शाळा बहुतेक वेळा खाजगी आणि महागडी असते, त्यामुळे सासूबाईंना पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्यांनी फी किती ते विचारलं. इथे पब्लिक स्कूल म्हणजे सरकारी, बिनफीची, किंडरगार्टन ते बारावी. आपल्याकडच्या झेडपी किंवा मुन्सिपाल्टीच्या शाळेच्या जागी ती आहे, फरक एवढाच की इथे डॉक्टर, इंजिनियर, पोलीस, सफाई कामगार बहुतेक सगळ्यांची मुलं तिथेच जातात. देशातली दहापैकी आठ-नऊ मुलं पब्लिक स्कूलमध्ये आहेत.

पण कुठली शाळा मिळणार ते घराच्या पत्त्यावर ठरतं. गावाचं किंवा दोन-चार गावांचं मिळून एक स्कूल डिस्ट्रिक्ट असतं, त्याचं स्वतःचं बोर्ड आणि स्वतःचं बजेट. न्यू जर्सी क्षेत्रफळात महाराष्ट्राच्या तेराव्या-चौदाव्या हिश्शाएवढं राज्य, आणि त्यात अशी सहाशेच्या आसपास डिस्ट्रिक्ट्स आहेत. रस्त्याच्या या बाजूचं घर एका डिस्ट्रिक्टमध्ये, समोरचं दुसऱ्या, आणि दोन्ही घरांच्या किमतीत लाखभर डॉलरचा फरक, असं खरंच असतं.

पैशाचं गणित गणपतीच्या वर्गणीसारखं समजा. प्रत्येक गल्लीचा वेगळा गणपती आणि वर्गणी त्याच गल्लीतून गोळा करायची असा नियम असेल तर बंगल्यांच्या गल्लीचा मांडव कसा असेल आणि चाळीच्या गल्लीचा कसा, हे सांगायला नको. इथे ती वर्गणी म्हणजे प्रॉपर्टी टॅक्स, घराच्या किमतीवर लागणारा. न्यू जर्सीत एका घराचं सरासरी बिल वर्षाला १०,००० डॉलरच्या आसपास जातं आणि त्यातला निम्म्याच्या आसपास पैसा शाळांना.

एक गैरसमज मात्र दूर करते. "गरीब गावातल्या शाळेला पैसाच नाही" हे आमच्या राज्यात सरसकट खरं नाही. ॲबट विरुद्ध बर्क नावाची केस इथे १९८० च्या दशकापासून वर्षानुवर्षं चालली, त्यात राज्याच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की गरीब शहरांतल्या मुलांना श्रीमंत उपनगरांच्या बरोबरीने पैसा मिळालाच पाहिजे. अशी ३१ डिस्ट्रिक्ट्स आहेत, नूअर्क, कॅमडेन, जर्सी सिटी वगैरे, तिथे राज्य सरकार भर घालतं आणि तीन-चार वर्षांच्या मुलांना प्रीस्कूल फुकट आहे. आम्ही डेकेअरला महिन्याला घरभाड्याएवढे पैसे मोजत होतो तेव्हा मला हे माहीतसुद्धा नव्हतं.

म्हणजे पैसा काही प्रमाणात सारखा करता येतो. कोण कोणाशेजारी बसतं ते मात्र पैशाने बदलत नाही, आणि माझा विषय तोच आहे.

या रेषा आखल्या कुणी?

आपल्याला वाटतं की लोक आपापल्या माणसांत राहतात, त्यात काय एवढं, एडिसनला देशी लोक राहतात तसंच. मलाही तसंच वाटायचं.

खरी गोष्ट अशी की १९३० च्या दशकात सरकारी संस्थेने दोनशेहून जास्त शहरांचे नकाशे काढले आणि वस्त्यांना रंग दिले. हिरवा म्हणजे कर्ज द्यायला उत्तम, मग निळा, पिवळा, आणि लाल म्हणजे धोक्याचं. काळे लोक राहतात त्या वस्त्या जवळपास सगळ्या लाल, यालाच पुढे रेडलायनिंग हे नाव पडलं. सरकारी हमीवरची स्वस्त गृहकर्जं गोऱ्यांना नव्या उपनगरांत मिळाली, काळ्यांना मिळाली नाहीत, कित्येक ठिकाणी तर खरेदीखतातच लिहिलेलं असायचं की हे घर काळ्या माणसाला विकायचं नाही. घर विकताना-देताना असा भेदभाव करायला देशभर कायद्याने बंदी आली ती १९६८ साली. तोपर्यंत एका समाजाच्या तीसेक वर्षांच्या कमाईतून घरं उभी राहिली आणि त्यांची किंमत वाढत गेली, दुसरा समाज भाडं भरत राहिला. इथे अमेरिकेत मध्यमवर्गाची बचत घरातच असते, त्यामुळे याचा परिणाम नातवंडांपर्यंत येतो.

शाळांचा निकाल त्याच्या आधीच लागला होता. १८९६ मध्ये सुप्रीम कोर्टाने "वेगळं पण समान" चालेल म्हटलं होतं, ते १९५४ च्या ब्राउन केसमध्ये नऊच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने मोडून काढलं, शाळांमध्ये वेगळं ठेवणं हेच मुळात असमान आहे असं सांगितलं. मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही खरं तर. साताऱ्याच्या शाळेत भीमराव घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसायचे ते आपण सगळे शिकलोय. आणि शाहू महाराजांनी कोल्हापुरात अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळी मुलं एकत्र बसवायचा हुकूम काढला तो १९१९ साली, म्हणजे ब्राउनच्या पस्तीस वर्षं आधी. हे मी मुलीला सांगितलं तेव्हा तिने ते शाळेच्या प्रोजेक्टमध्ये लिहिलं आणि तिच्या टीचरने मला ईमेल करून शाहू महाराजांबद्दल आणखी विचारलं, मला फार बरं वाटलं होतं.

पण अमेरिकेत पुढे काय झालं तर १९७४ ला डेट्रॉइटच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानेच पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की उपनगरांच्या डिस्ट्रिक्ट्सनी स्वतः काही भेदभाव केल्याचं सिद्ध होत नसेल तर डिस्ट्रिक्टची हद्द ओलांडून मुलं एकत्र आणायची सक्ती करता येणार नाही. झालं. वर्गाच्या दारावरची पाटी निघाली पण दोन गावांमधला बांध होता तिथेच राहिला, आणि ज्यांना परवडत होतं ते बांधाच्या पलीकडे राहायला गेले. न्यू जर्सीच्या राज्यघटनेत तर १९४७ पासून लिहिलंय की वंशावरून पब्लिक स्कूलमध्ये मुलं वेगळी काढायची नाहीत, तरी इथल्या शाळा देशातल्या सगळ्यात जास्त विभागलेल्या शाळांमध्ये मोजल्या जातात. त्यावर काही पालक आणि संघटनांनी २०१८ मध्ये राज्यावर केस केली, २०२३ मध्ये न्यायाधीशांनी असमतोल आहे हे मान्य केलं पण अख्खी राज्यव्यवस्था घटनाबाह्य आहे असं म्हणायला नकार दिला. म्हणून हा विषय इथल्या बातम्यांत सारखा येतो.

आपले बहुतेक लोक १९६५ ला इमिग्रेशन कायदा बदलल्यानंतर आले, त्यामुळे "या भानगडीत आपण नव्हतोच" असं म्हणता येतं, आणि ते बऱ्यापैकी खरंही आहे. पण मिसिसिपीतल्या एका चिनी मुलीला गोऱ्यांच्या शाळेतून काढलं होतं आणि १९२७ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते बरोबर ठरवलं, ती गोरी नाही म्हणजे काळ्यांच्या शाळेत जावं असं. आपली मुलं तेव्हा इथे असती तर कुठे बसली असती ते उघड आहे.

रेटिंगचा आकडा नेमकं काय मोजतो?

आता मुद्द्याचं. घर शोधायच्या वेबसाइटवर शाळेपुढे १ ते १० मधला आकडा दिसतो, हिरवा, पिवळा, नाहीतर लालसर. रंग बघून मला त्या जुन्या नकाशांची आठवण येते, पण ते असो.

तो आकडा मुख्यतः परीक्षेच्या मार्कांवर उभा असतो. आता आपल्याकडे जेईईचे क्लास असतात बघा, पेपरात टॉपर्सचे फोटो लावतात. त्यातले काही क्लास दहावीला ९५ टक्क्यांच्या वर असलेल्यांनाच घेतात. त्यांचा निकाल चांगला लागणारच! आणि गावातला एखादा क्लास ६० टक्क्यांच्या पोराला घेऊन ८० पर्यंत नेतो, त्याचा फोटो कुठे लागत नाही. शिकवणारा कोण चांगला? शाळेच्या सरासरी मार्कांचं अगदी हेच आहे. मूल शाळेत यायच्या आधी घरात किती पुस्तकं होती, प्रीस्कूल झालं का, आई संध्याकाळी घरी असते का दुसऱ्या शिफ्टला जाते, हे सगळं त्या सरासरीत असतं.

स्टॅनफर्डचे शॉन रिअर्डन यांनी देशभरातल्या डिस्ट्रिक्ट्सचे मार्क गोळा करून हे दाखवलं. सरासरी मार्क आणि पालकांची आर्थिक स्थिती यांचं नातं फार घट्ट निघालं. पण मुलं वर्षागणिक किती पुढे जातात, म्हणजे वाढ, ती बघितली तर ते नातं बरंच सैल पडतं. शिकागोच्या पब्लिक स्कूल्सचं नाव काढलं की लोक नाक मुरडतात, तिथली मुलं २००९ ते २०१४ या काळात तिसरी ते आठवीच्या पाच वर्षांत सरासरी सहा वर्षांएवढं शिकत होती. सुरुवात मागून झाली म्हणून सरासरी कमी, पण शिकवणं कमी नाही.

हल्ली काही साइट्स वाढ पण धरतात, पण आपण मोठा आकडा बघतो आणि फिल्टर लावून मोकळे होतो. न्यू जर्सीवाल्यांनी राज्य सरकारच्या स्कूल परफॉर्मन्स रिपोर्टमध्ये ‘स्टुडंट ग्रोथ’ नावाचा भाग उघडून बघा, चौथीपासून पुढच्या वर्गांचा असतो, ५० म्हणजे राज्यातली साधारण वाढ. आमच्या ५ रेटिंगवाल्या शाळेचा तो आकडा आम्ही सोडून दिलेल्या ९ रेटिंगवाल्या शाळेपेक्षा वर होता. घराचं क्लोजिंग, म्हणजे खरेदीचा व्यवहार पुरा झाल्यावर कळलं मला हे.

मग मुलीचा अभ्यास मागे पडला का?

खरं सांगते, दुसरीत पडतोय असं वाटलं होतं. वर्गात २४ मुलं, त्यातली चार-पाच वर्षाच्या मध्ये आलेली आणि इंग्लिशचा एक शब्द येत नसलेली. एक मुलगा ग्वाटेमालाहून फेब्रुवारीत आला होता, पहिले तीन आठवडे जाकीट काढायचाच नाही. टीचरचा वेळ तिकडे जाणार, जायलाच पाहिजे, आणि माझी मुलगी गणिताचा कागद दहा मिनिटांत संपवून पुस्तक वाचत बसायची. मला राग आला होता, रात्री नवऱ्याशी भांडून मी झिलोवर घरं बघत बसले होते.

मग टीचरला भेटले. तिने ऐकून घेतलं, आणि पुढच्या आठवड्यापासून चार मुलांचा वेगळा गट करून त्यांना अवघड गणितं दिली. मला मागावं लागलं, हेही लिहून ठेवते, कारण ज्या आईला मागता येत नाही किंवा ड्युटी सोडून येता येत नाही तिच्या मुलाला ते मिळत नाही.

अभ्यासाबद्दल संशोधन काय म्हणतं ते थोडक्यात. रकर जॉन्सन या अर्थशास्त्रज्ञाने काळी-गोरी मुलं एकत्र आलेल्या शाळांत शिकलेल्या मुलांचा मोठेपणापर्यंत माग काढला. काळी मुलं जास्त शिकली, जास्त कमावती झाली, तुरुंगात कमी गेली, तब्येतीही बऱ्या राहिल्या. आणि गोऱ्या मुलांचं नुकसान दिसलं नाही. दुसरा अभ्यास मेरीलँडच्या माँटगोमेरी काउंटीतला, हेदर श्वार्ट्झ यांचा, २०१० चा. तिथे नव्या वसाहतींमध्ये काही घरं कमी उत्पन्नवाल्यांसाठी ठेवावी लागतात आणि सरकारी घरं लॉटरीसारखी मिळतात, त्यामुळे गरीब घरातली काही मुलं सधन वस्तीतल्या शाळेत गेली, काही गरिबी जास्त असलेल्या शाळेत. त्या दुसऱ्या शाळांना काउंटीने जास्तीचा पैसा दिला होता, लहान वर्ग दिले होते. तरी सात वर्षांनी सधन शाळेत गेलेली मुलं गणितात बरीच पुढे होती. शेजारी कोण बसतं याला किंमत आहे असा त्याचा अर्थ.

इथे एक फरक नीट ध्यानात घ्या. मिक्स शाळा वेगळी आणि जवळपास सगळीच मुलं गरीब असलेली शाळा वेगळी. दुसऱ्या प्रकारच्या शाळेत टीचर टिकत नाहीत, दर वर्षी नवीन चेहरे, त्या अडचणी खऱ्या आहेत. आणि तसंच ज्या १० रेटिंगवाल्या शाळेत तीन चतुर्थांश मुलं आपलीच देशी आणि चिनी आहेत, ती सुद्धा मिक्स शाळा नाही. तिथल्या मैत्रिणीचा मुलगा सहावीत असताना रडत म्हणाला होता की मी मॅथ्समध्ये मठ्ठ आहे, त्याला ९१ मार्क होते.

मारामाऱ्या, वाईट भाषा, आणि मला आलेला एक फोन

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारतात. बसमध्ये एका मोठ्या मुलाने मुलीला तिच्या रंगावरून घाण शब्द वापरला होता, तिसरीत असताना. शाळेने चौकशी करायला आठ दिवस लावले, मला ते अजिबात आवडलं नाही आणि मी तसं लेखी कळवलं. म्हणजे मिक्स शाळेत सगळे गुण्यागोविंदाने राहतात असं मी म्हणणार नाही.

पण त्याच वर्षी दुसरा फोन आला तो मी विसरू शकत नाही. टीचर म्हणाली, तुमच्या मुलीने वर्गातल्या मैत्रिणीला सांगितलंय की "माझी आई म्हणते तुमच्या बिल्डिंगमध्ये जायचं नाही, तिथले लोक चांगले नसतात." ती मैत्रीण काळी, आई नर्सिंग होममध्ये रात्रपाळी करते, स्टेशनजवळच्या चार मजली बिल्डिंगमध्ये राहतात. आणि मी हे खरंच म्हटलं होतं, स्वयंपाकघरात, नवऱ्याला, मराठीत. मला वाटलं होतं मुलगी टीव्ही बघतेय.

मी त्या आईला फोन केला. माफी मागितली. ती बराच वेळ काही बोललीच नाही, मग म्हणाली, "तुझ्या मुलीला माझं घर दाखवायला घेऊन ये." आम्ही गेलो. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर, फ्रिजवर मुलीचे सगळे रिपोर्ट कार्ड मॅग्नेटने लावलेले, किंडरगार्टनपासूनचे, आणि टेबलवर तिने आमच्यासाठी मुद्दाम चिकन न घालता केलेला भात. आम्ही व्हेज आहोत हे तिच्या मुलीने तिला सांगितलं होतं. माझ्या मुलीला तिच्याबद्दल तेवढं माहीत नव्हतं.

९ रेटिंगवाल्या शाळेत हा फोन मला आला नसता, कारण तिथे ती मैत्रीणच नसती.

सोबत राहून माणूस बदलतो का? दिल्लीचा एक अभ्यास

हा अभ्यास मुद्दाम सांगते कारण तो भारतातला आहे. दिल्लीत सवलतीत सरकारी जमीन मिळालेल्या महागड्या खाजगी शाळांना २००७ च्या सुमारास गरीब मुलांसाठी राखीव जागा ठेवायला लावल्या. अर्थशास्त्रज्ञ गौतम राव यांनी त्या शाळांतल्या श्रीमंत मुलांवर काय परिणाम झाला ते तपासलं. ज्यांच्या वर्गात गरीब मुलं होती ती श्रीमंत मुलं जास्त उदार निघाली, धर्मादाय कामाला स्वतःहून जास्त पुढे आली, आणि रिले शर्यतीसाठी जोडीदार निवडताना गरीब मुलगा जास्त वेगवान असेल तर त्यालाच घेऊ लागली, श्रीमंत पण हळू धावणाऱ्याला नाही. मार्कांवर परिणाम थोडाफार, काळजी करण्यासारखा नाही.

आपल्याकडच्या आरटीई कायद्यातल्या २५ टक्के जागा याच कल्पनेवर उभ्या आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने नियम बदलून जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळांना त्यातून सूट दिली होती, ती जुलैमध्ये मुंबई हायकोर्टाने रद्द केली. पुण्यातल्या माझ्या चुलत बहिणीच्या सोसायटीत तेव्हा जे वाद चालले होते ते शब्दसुद्धा आमच्या ग्रुपसारखेच होते. क्राउड हा शब्द तिकडेही आलाच.

एकाच बिल्डिंगमध्ये दोन शाळा

आता मला सगळ्यात जास्त खुपणारी गोष्ट. शाळेचं दार सगळ्यांसाठी एक, पण आत गेल्यावर वर्ग वेगळे. याला ट्रॅकिंग म्हणतात. आपल्याला तुकड्या माहितीयेत, हुशार मुलांची अ तुकडी आणि शेवटची ड, ड मधल्या पोरांकडे मास्तर कसे बघायचे तेही माहितीये. इथे मिडल स्कूलपासून गणिताच्या तुकड्या होतात आणि हायस्कूलला ऑनर्स, एपी असे वरचे वर्ग. शाळेच्या कॉरिडॉरमध्ये चाललात तर काचेतून दिसतं, वरच्या वर्गात गोरी आणि आपली मुलं, खालच्या वर्गात काळी आणि लॅटिनो.

मग ब्रोशरवर "डायव्हर्स स्कूल" छापून काय उपयोग?

यात आपला हात आहे हे मान्य करायला हवं. आपण मुलांना पहिलीपासून शनिवारी गणिताच्या क्लासला घालतो, चौथीत ते सहावीचं गणित करत असतात, मग प्लेसमेंट टेस्टमध्ये ती वर जाणारच आणि वर्गातल्या जागा मोजक्या असतात. मी क्लास बंद करा म्हणत नाही, माझी मुलगी पण जाते. पण टेस्ट सगळ्यांना आपोआप द्यावी, पालकाने फॉर्म भरला तरच नको, एवढं तरी बोर्डात जाऊन मागता येतं. आम्ही सात-आठ पालकांनी मागितलं, दोन वर्षं लागली, आता तिसरीतल्या प्रत्येक मुलाला टेस्ट दिली जाते.

पालकसभेचं पण तसंच. पीटीएची मीटिंग संध्याकाळी सातला, तिथे येणार कोण तर गाडी असलेले आणि शिफ्ट नसलेले. एकदा स्पॅनिश दुभाषा ठेवला आणि मुलांसाठी जिममध्ये खेळायची सोय केली तर बारा नवीन आया आल्या. बारा!

"आपलंच मूल प्रयोगाला का लावायचं?"

हा प्रश्न माझ्या वडिलांनी विचारला होता, रागावून नाही, काळजीने. तुम्ही एवढ्या लांब गेलात ते मुलांच्या चांगल्यासाठीच ना मग? व्हिसाची टांगती तलवार, एका पगारावर घर, त्यात घराची किंमत शाळेच्या आकड्याला बांधलेली. ही काळजी खोटी नाही आणि मी कुणाला नावं ठेवत नाही. आमच्या ओळखीतलं एक कुटुंब तिसरीनंतर सोडून गेलं कारण मुलाला डिस्लेक्सिया होता आणि त्याचा आयईपी, म्हणजे खास गरजेच्या मुलासाठी शाळेने लिहून द्यायचा आराखडा, वर्षभर रखडला. मी त्यांच्या जागी असते तर मीही गेले असते.

पण "प्रयोग" म्हटलं की वाटतं एकीकडे सुरक्षित नेहमीची शाळा आणि दुसरीकडे धोका. तसं नाहीये. सगळी एकसारख्या घरातली मुलं असलेल्या शाळेत वाढवणं हाही एक प्रयोगच आहे, त्याचे परिणाम पंचवीसाव्या वर्षी ऑफिसात दिसतात. आणि मिक्स शाळा टिकतात याची उदाहरणं इथेच अर्ध्या तासावर आहेत. मॉरिसटाउन आणि शेजारचं मॉरिस टाउनशिप, एक जास्त मिक्स, एक जास्त गोरं आणि सधन. १९७१ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने दोघांच्या शाळा एकत्र करायचा रस्ता मोकळा केला, तेव्हा लोक म्हणाले गोरे सगळे पळून जातील. पन्नास वर्षं झाली, ते डिस्ट्रिक्ट अजून मिक्स आहे. माँटक्लेअरमध्ये तर पत्त्यावरून शाळा ठरतच नाही, पालक पसंतीक्रम देतात, प्रत्येक शाळेचा वेगळा विषय असतो, विज्ञान, कला वगैरे, १९७० च्या दशकापासून तसं चालू आहे. तिथली घरं काही स्वस्त झालेली नाहीत, उलट आम्हाला परवडली नाहीत.

मग बघायचं काय?

आकडा बघा, पण वाढीचा. मग शाळेत प्रत्यक्ष जा, आणि मुख्य ऑफिसच्या खिडकीशी पाच मिनिटं उभे राहा. इंग्लिश न येणारी एखादी आई आली की तिच्याशी कसं बोलतात ते ऐका, यावरून मला जेवढं कळलं तेवढं कुठल्याच वेबसाइटवरून कळलं नाही. टीचर किती वर्षं इथे आहेत विचारा. जेवणाच्या सुट्टीत कॅफेटेरियात कोण कुणासोबत बसलंय बघा, आणि वरच्या गणिताच्या वर्गात कोण आहे ते तर नक्की बघा. मुख्याध्यापकांना सरळ विचारा की तुकड्या कशा पाडता. उत्तर देताना ते अवघडले तर समजून घ्या.

परवा ग्रुपवर परत मेसेज आला, हैदराबादहून बदली होऊन येणारं जोडपं, मुलगा साडेचार वर्षांचा, आमच्याच टाउनमधलं घर, तेच ५ रेटिंग, तोच प्रश्न. मी त्यांना लिहिलं की मंगळवारी सकाळी नऊला शाळेची टूर असते, मुलाला घेऊन या, मीही येते, आणि टूर झाली की स्टेशनजवळ माझ्या मुलीच्या मैत्रिणीची आई राहते, तिची मंगळवारी सुट्टी असते, तिच्याकडे चहा घेऊ. क्राउडबद्दल काय विचारायचं ते तिलाच विचारा.